समाजाच्या मंगल कार्यालयातलं लग्न आणि डॉक्युमेंटरी फोटोग्राफी : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून हे प्रश्न सतत येतात. काही लग्नघरचे असतात, काही नव्याने कॅमेरा हाती घेतलेल्या पोरांचे. दोघांचीही उत्तरं इथे एकत्रच दिली आहेत, कारण घरच्यांना फोटोग्राफरची अडचण कळली आणि फोटोग्राफरला घरच्यांची, तर निम्मे वाद होतच नाहीत.

१. डॉक्युमेंटरी म्हणजे कँडिडच ना?

नाही. कँडिड म्हणजे माणसाचं लक्ष नसताना टिपलेला एखादा फोटो. डॉक्युमेंटरीत अख्ख्या लग्नाची सलग नोंद असते: पहाटे आचाऱ्याने पेटवलेली चूल, खोलीत नवरीच्या साडीला पिना लावणारी मावशी, आहेराची वही घेऊन बसलेले काका, आणि अर्थातच विधी. फोटोग्राफर कुणाला ‘इकडे बघा’ म्हणत नाही, हार पुन्हा घालायला लावत नाही, समोरचं सामान हलवत नाही. पण याचा अर्थ तो गळ्यात कॅमेरा अडकवून नुसता हिंडतो असा नव्हे. पुढे काय घडणार हे त्याला आधीच विचारून ठेवावं लागतं आणि ते घडण्याआधी दोन मिनिटं योग्य जागी उभं राहावं लागतं. हे जमत नसेल तर ‘आम्ही नॅचरल फोटो काढतो’ ही नुसती पळवाट आहे.

२. मग स्टेजवरचे आणि आहेराचे फोटो मिळणार नाहीत का? घरची मोठी माणसं ऐकणार नाहीत.

मिळतात, आणि मिळायलाच हवेत. आपल्याकडे टॉवेल-टोपी, शाल, साडी देणाऱ्या माणसाचा फोटो हा मानपानाचा भाग आहे. तो राहिला तर वर्षभर ऐकावं लागतं. सोपा उपाय म्हणजे काम वाटून घेणं. एक जण स्टेजसमोर नेहमीच्या पद्धतीने आहेर आणि जोडीचे फोटो घेतो, दुसरा मोकळा फिरतो. एकाच माणसावर दोन्ही टाकलं की मोकळे फोटो हमखास बुडतात, कारण आहेराची रांग दीड-दोन तास हलत नाही.

कुटुंबाच्या ग्रुप फोटोंसाठी वेगळी वीस मिनिटं ठेवा. वेळ विधी संपल्यावर लगेचची. पंगत बसली की माणसं पांगतात. ‘हे फोटो हवेतच’ अशी दहा-बारा नावांची यादी घरच्यांनी आदल्या दिवशी द्यावी आणि दोन्हीकडचा एकेक माणूस ओळखी सांगायला जोडून द्यावा. आजी कोण आणि आजीची बहीण कोण, हे फोटोग्राफरला कपाळावर वाचता येत नाही.

३. किती फोटोग्राफर लागतात आणि किती फोटो मिळतात?

पाचशे ते हजार पाहुण्यांच्या लग्नाला स्थिर फोटोंसाठी दोन जण, व्हिडिओवाले वेगळे. हळदीची दुपार ते रात्र आणि लग्नाच्या दिवशी सकाळी सातपासून पाठवणीपर्यंत धरलं, तर अडीच ते साडेतीन हजार क्लिक होतात. त्यातून निवडून ५०० ते ७०० फोटो द्यावेत. सगळेच्या सगळे देणं ही उदारता नाही. निवडण्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं आहे.

४. कार्यालय बुक झालंय. फोटोग्राफरने आधी जाऊन काय पाहायचं?

मुहूर्ताच्याच वेळी जा, संध्याकाळी नको. दुपारी साडेबाराला स्टेजच्या मागच्या खिडकीतून किती ऊन येतं ते त्याशिवाय कळत नाही. खिडकी उघडी असेल तर चेहरे काळे पडतात. तिथे जाड पडदा लावायला मांडववाल्याला आधीच सांगावं.

छत पाहा. पांढऱ्या स्लॅबचं आणि दहा-बारा फुटांवर असेल तर फ्लॅश वर मारून चालतो. उंच पत्र्याचं असेल तर तो प्रकाश परत येत नाही, बॅटरी मात्र संपते. सगळे दिवे लावायला लावा आणि १/२५० शटर स्पीडवर (सेकंदाचा अडीचशेवा भाग) सलग दहा फोटो घ्या. एखाद्यात काळसर पट्टा किंवा रंगात फरक दिसला तर दिवे लुकलुकतात असं समजा (पुढचं प्रश्न ६ मध्ये). जनरेटर सुरू करून हीच चाचणी पुन्हा घ्या, कारण जनरेटरवर विजेची वारंवारता ५० हर्ट्झवर पक्की राहत नाही आणि मघाशी न दिसलेला पट्टा आता दिसू शकतो.

नवरीची खोली बहुतेक ठिकाणी दहा बाय दहाची, एक ट्यूब आणि वर्तमानपत्र चिकटवलेली खिडकी अशी असते. तो कागद काढायला लावा, ट्यूब बंद करा आणि नवरीची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवायला सांगा. हे सांगणं तयारी सुरू होण्याआधीचं आहे, त्यामुळे प्रश्न १ मधला नियम मोडत नाही.

५. मांडवाचं कापड लाल-पिवळं असल्याने सगळ्यांचे चेहरे तसेच येतात. नंतर कॉम्प्युटरवर निघेल ना?

पूर्ण निघत नाही. उन्हात लाल कापडाखाली पोहोचणारा प्रकाशच लाल असतो. निळा-हिरवा भाग कापडानेच अडवलेला असतो. जो रंग फोटोत आलाच नाही तो नंतर आणणार कुठून? व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा समतोल) हलवला की कातडी राखाडी दिसते आणि हळद मळकट. शेतातली हिरवी जाळी तर याहून वाईट, माणसं आजारी दिसतात.

खरा उपाय घरच्यांच्या हातात आहे: मांडववाल्याला छताला आतून पांढरं कापड लावायला सांगा. ते जमलं नाही तर विधीचा पाट मांडवाच्या कडेला, बाहेरचा प्रकाश येईल असा मांडा. तेही नसेल तर फ्लॅशचा थोडा प्रकाश चेहऱ्यावर मिसळा. शेवटचा मार्ग कृष्णधवल; आणि काही फोटो त्यात खरोखरच चांगले दिसतात.

६. हॉलच्या आत कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवायचं?

सुरुवात एफ २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं), १/२०० शटर आणि आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पासून करा. अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ ६४०० पर्यंत बेधडक जा. फोटोतले दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचं गणित असं: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० शटरला पूर्ण चक्रं पकडली जातात आणि पट्टा येत नाही, पण हालचाल धूसर होते. बसून चाललेल्या विधीला १/१०० पुरतं. हार घालताना नाही. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असेल तर ती सुरू ठेवा. स्टेजमागे एलईडी भिंत असेल तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरा, नाहीतर भिंतीवर आडव्या रेघा येतात.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. स्टेजवर निळा-जांभळा दिवा फिरत असला की दर फोटोला चेहऱ्याचा रंग बदलतो आणि नंतर सातशे फोटो एकेक करून जुळवावे लागतात. व्हिडिओवाल्याचा दिवा किती केल्विनचा (प्रकाशाच्या रंगाचं माप) आहे ते विचारा आणि आकडा हाताने टाका.

७. फ्लॅश मारला तर ती डॉक्युमेंटरी राहते का?

राहते. नियम माणसांना न हलवण्याचा आहे, प्रकाश न वापरण्याचा नाही. फक्त म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या तोंडावर सरळ मारू नका.

८. मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर इतकी गर्दी होते की नवरा-नवरीच दिसत नाहीत. उभं कुठे राहायचं?

सगळ्यांत जास्त फोटो इथेच चुकतात, म्हणून थोडं सविस्तर.

समोरून प्रयत्न करू नका. समोर व्हिडिओवाला असतो, त्याच्या मागे मोबाईल वर केलेले वीस हात असतात. पहिल्या माणसाने स्टेजच्या कडेला, अंतरपाटाच्या एका टोकाशी उभं राहावं. अंतरपाट दोघांच्या मध्ये असल्याने या एकाच जागेवरून त्याच्या दोन्ही बाजूंचे चेहरे आणि मागे उभे असलेले दोन्ही मामा एका चौकटीत येतात. इथे ३५ एमएम किंवा २४-७० लेन्स पुरते. दुसऱ्याने खुर्च्यांमधल्या वाटेत भक्कम स्टुलावर, ७०-२०० घेऊन. प्लास्टिकची खुर्ची स्टूल म्हणून वापरू नका. गर्दीचा एक धक्का लागला की माणूस आणि लेन्स दोन्ही खाली.

पहिली जागा टिकवायची तर तिची बोलणी सकाळीच करावी लागतात. लग्न लावणाऱ्या महाराजांना विचारा: अंतरपाट कुणीकडून निघणार, मंगलाष्टकं किती, घरच्या बायका स्वतः रचलेली म्हणणार आहेत का? तशी असतील तर वेळ दहा मिनिटांनीही वाढतो. दोन्ही मामांना जागा दाखवून ठेवा. तेच गर्दी मागे सारतात, तुमचं कोण ऐकणार? व्हिडिओवाल्याशी डावी-उजवी बाजू वाटून घ्या.

‘तदेव लग्नम्’ सुरू झालं की तयार व्हा. त्यानंतर अंतरपाट निघतो, वाजंत्री एकदम सुटते, आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत पहिली नजर आणि हार होऊन जातो. सलग क्लिकचा मोड आधीच लावलेला हवा. मित्र नवरदेवाला खांद्यावर उचलण्याची शक्यता असते, म्हणून चौकटीत डोक्यावर मोकळी जागा ठेवा.

अक्षता हवेत दाणा-दाणा दिसायला हव्या असतील तर १/५०० ते १/८००. १/२५० वर त्या रेघांसारख्या येतात, तेही वाईट नाही. फोकस उडणाऱ्या तांदळावर जाऊन बसतो ही नेहमीची तक्रार. डोळा ओळखणारा फोकस लावा आणि मध्ये येणाऱ्या वस्तूंवर फोकस पटकन उडी मारणार नाही असं सेटिंग ठेवा. लेन्सला हूड हवाच. मागच्या रांगेतल्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत कमी आणि फोटोग्राफरच्या डोक्यात जास्त पडतात.

९. पत्रिकेत मुहूर्त १२.३५ चा, लग्न लागतं दोनला. नियोजन कसं करायचं?

मुहूर्त नव्हे, माइकवाला पाहा. आलेल्या पुढाऱ्यांची नावं, सत्कार, आशीर्वादाची भाषणं हे सगळं त्याच्या चिठ्ठ्यांवर असतं. त्याच्याकडे किती नावं उरली ते विचारलं की लग्न केव्हा लागेल याचा अंदाज घड्याळापेक्षा बरा येतो. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या पारावरून निघाली की नाही, हेही एक जण फोनवर सांगत राहील असं करा.

हा मधला वेळ वाया घालवू नका. कंटाळलेली पोरं, पंख्याखालची जागा पकडून बसलेले आजोबा, रुखवताभोवती वाकून बघणाऱ्या बायका याच वेळेत मिळतात. पण बॅटरी आणि कार्ड लग्न लागण्याच्या दहा मिनिटं आधी बदला, अर्धी शिल्लक असली तरी.

१०. हळदीत कॅमेरा खराब होतो. सांभाळायचा कसा?

लेन्सला यूव्ही फिल्टर, कॅमेऱ्याला पारदर्शक पावसाळी पिशवी, आणि लेन्स बदलणं पूर्ण बंद. दोन बॉडी असतील तर एकावर ३५, दुसऱ्यावर ८५ लावून टाका. कोरडी हळद उडाली तर आधी ब्लोअरने झटका, मग मऊ ब्रश. ओला कपडा लावला की तिची पेस्ट होऊन बटणांच्या फटीत बसते. तेलात कालवलेली हळद काचेला लागली तर लेन्स साफ करायचं द्रव कापडावर घेऊन पुसा, काचेवर थेट टाकू नका.

पिवळ्या हळदीने, पिवळ्या साड्यांनी आणि उन्हाने कॅमेरा फसतो, पिवळ्याचा तपशील जळून सपाट डाग होतो. एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी ठेवा. अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बायकांकडे पाठ फिरवू नका. सगळे कॅमेरे नवरीकडे असताना, टाळी देत ओळ उचलणाऱ्या म्हाताऱ्या आजींचे हात आणि तोंड यांचा फोटो त्यांच्या नातवंडांना पुढे हवा असतो.

११. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराचं लग्न आहे. ४४-४५ अंशांत कॅमेरा चालतो का?

बहुतेक कंपन्या ४० अंशांपर्यंत वापरा म्हणतात. वर चालतो, पण व्हिडिओ तापून बंद पडतो आणि बॅटरी लवकर उतरते. कॅमेरा उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. मिरवणुकीत काळ्या बॉडीवर पांढरा रुमाल टाका, ओला नको. एकच बॉडी दिवसभर रेटण्यापेक्षा दोन आलटून पालटून वापरा.

प्रकाशाचं म्हणाल तर बारा ते चार बाहेर जोडीचे फोटो काढूच नका. ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, आणि भरजरी शालूत नवरीला चक्कर येते ती वेगळीच. कार्यालयाचा व्हरांडा किंवा कडुनिंबाची गच्च सावली पुरे.

१२. जेवतानाचे फोटो लोकांना आवडत नाहीत. पंगत काढायची की नाही?

काढायची, पण घास तोंडात असताना नाही. हात काढा. बट्टी चुरणारी बोटं, मध्ये खळगा करून त्यात ओतलेलं वरण, वरून वाढप्याच्या हातून पडणारी तुपाची धार, शेजारी घोटलेली वांग्याची भाजी: हे दोन फूट अंतरावरून, ताटाच्या पातळीवर बसून, ३५ एमएमवर. आचाऱ्याकडे पहाटेच जाऊन या. बट्ट्या भाजल्या-तळल्या जाण्याचं काम पाहुणे येण्याआधी उरकलेलं असतं. चुलीच्या धुरात आणि वाफेत लेन्सला तेलाचा थर बसतो, बाहेर येताच पुसा.

१३. डीजेच्या लेझरने कॅमेरा जळतो म्हणतात. खरं का?

खरं. लेझरचा किरण सरळ लेन्समध्ये गेला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपके उमटू शकतात, आणि सेन्सर बदलण्याचा खर्च त्या कामाच्या मजुरीपेक्षा जास्त होतो. लेझरकडे तोंड करून उभं राहू नका, त्याच्या बाजूने किंवा पाठीमागून नाच टिपा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी असते, त्यामुळे हळदीच्या रात्रीचा नाच दहाला थांबणार असं धरूनच वेळ आखा.

१४. आमच्याकडे बौद्ध किंवा सत्यशोधक पद्धतीने, किंवा आदिवासी रिवाजाने लग्न आहे. हेच लागू होतं का?

प्रकाशाचं आणि जागेचं सगळं लागू, विधीचा क्रम मात्र नव्याने विचारून घ्या. बौद्ध लग्नात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिसरण-पंचशील होतं. पांढरे कपडे असल्याने एक्स्पोजर पांढऱ्यावर सांभाळा, आणि अंतरपाटाची वाट पाहत थांबू नका. सत्यशोधक लग्नात भटजी नसतो, म्हणून प्रश्न ८ मधलं बोलणं लग्न लावणाऱ्या कार्यकर्त्याशी करा. नंदुरबारकडे सातपुड्यातल्या लग्नात गावागणिक रिवाज बदलतो. तिथे गावातल्याच जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि कुठे कॅमेरा चालत नाही तेही विचारा.

१५. ड्रोन उडवायला परवानगी लागते का?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा कोणत्या झोनमध्ये आहे ते पाहावं लागतं. लाल झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही. पैसे घेऊन काम करताना २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागतं. कागदपत्रं बाजूला ठेवली तरी, मांडवातल्या माणसांच्या बरोबर डोक्यावर ड्रोन आणू नका. पाती कापडात किंवा झिरमिळ्यांत अडकतात.

१६. कार्ड उडालं तर?

म्हणूनच दोन कार्डांचा कॅमेरा घ्या आणि दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावा. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे तीन हजार फोटोंना ७५ ते ९० जीबी. त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर प्रती काढा, एक दुसऱ्या घरी ठेवा. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड पुसू नका. आणि कार्ड खराब झालंच तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नका. जुना डेटा परत मिळण्याची शक्यता प्रत्येक नव्या क्लिकने कमी होते.

१७. फोटू कवय भेटतीन?

निवडक चाळीस-पन्नास दोन-तीन दिवसांत, बाकी महिनाभरात, अल्बम त्यानंतर. हे बोलून नाही, लिहून घ्या. अल्बमला उशीर फोटोग्राफरपेक्षा घरच्यांकडून जास्त होतो: निवड दोन घरांत फिरत राहते. निवडीचा अधिकार एकाच माणसाला द्या. बारा बाय छत्तीसच्या पानाला ३०० डीपीआयवर ३६०० बाय १०८०० पिक्सेल लागतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरून आलेला पुतण्याचा फोटो पूर्ण पानावर लावायचा हट्ट धरू नका.

१८. मूळ फाइली मागता येतात का? फोटो कुणाच्या मालकीचे?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. फाइली रॉ स्वरूपात द्यायच्या की नाही, हे मात्र आधीच लिहून ठरवा. अडचण येते ती दोन्ही घरांनी मिळून पैसे दिल्यावर. करारावर दोन्हीकडची सही घ्या, म्हणजे ‘आम्हाला विचारलं नाही’ हा वाद उरत नाही.

१९. आमच्या घरच्या बायकांचे फोटो इंटरनेटवर नको आहेत.

मालकी कुणाचीही असो (प्रश्न १८), फोटोग्राफरने जाहिरातीसाठी टाकण्याआधी विचारलंच पाहिजे. नवरा-नवरीने हो म्हटलं म्हणजे पाहुण्यांनीही म्हटलं असं होत नाही. नाचणाऱ्या मुली आणि लहान मुलं यांचे फोटो विचारल्याशिवाय टाकूच नयेत.

२०. मानपानावरून रुसवा झाला, भांडण झालं. तेही काढायचं?

कॅमेरा खाली करा. पाठवणीतलं रडणं काढा, पण लांबून, ८५ किंवा त्याहून लांब लेन्सने आणि फ्लॅश न मारता.

२१. काम घेताना नवरी १८ च्या आतली वाटली तर?

काम घेऊ नका. १०९८ या चाइल्डलाइनवर किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) कळवा. २००६ च्या कायद्याखाली बालविवाह लावणारे आणि त्याला मदत करणारेही गुन्हेगार ठरतात. ‘मी फक्त फोटो काढत होतो’ यावर विसंबू नका.

२२. विवाह नोंदणीसाठी डॉक्युमेंटरी फोटो चालतो का?

तिथे दोघांचे चेहरे समोरून स्वच्छ दिसणारा, गळ्यात हार असलेला साधा फोटो द्या. स्टेजवरच्या माणसाला (प्रश्न २) हार घातल्यावर लगेच असा एक काढून ठेवायला सांगा आणि त्याच्या चार प्रती आधीच छापून घ्या.